प्रोटॉन: लिनक्सवर विंडोजचे गेम, सहा महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १०साठी सुरक्षा अपडेट मिळण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा माझ्या घरच्या संगणकाला आठ वर्षे पूर्ण झाली होती. सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आरएक्स ५७० हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड असा तो संच अजूनही ठणठणीत आहे. परंतु सातव्या पिढीचे मोजके अपवाद वगळता बाकीचे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि माझाही नाही. चालत्या संगणकाला केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगारात काढणे मनाला पटेना. पत्रव्यवहार, मराठी टंकलेखन, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली पुरेशी आहे, हे मला आधीच्या अनुभवावरून ठाऊक होते. अडचण होती ती गेमची. गेल्या दहा वर्षांत स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात थोडे थोडे पैसे घालून जमवलेला संग्रह जवळजवळ सगळा विंडोजसाठीच बनलेला. म्हणून लिनक्सची मिंट ही आवृत्ती घातली, स्टीम घेतले आणि स्टीमबरोबर येणाऱ्या, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘प्रोटॉन’वर सहा महिने खेळलो. हे परीक्षण त्या प्रोटॉनचे आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचे वाचावे लागणार नाही. जो माणूस घरी बसून, एकट्याने, कथेचे किंवा डावपेचांचे गेम खेळतो, त्याने प्रोटॉन निःशंकपणे वापरावे. जो रोज संध्याकाळी मित्रांच्या संघात ऑनलाइन नेमबाजीचे गेम खेळतो, त्याने आधी आपल्या गेमची नीट चौकशी करावी आणि तोपर्यंत विंडोज काढू नये. या दोन वाक्यांमधला फरक प्रोटॉनच्या गुणवत्तेमुळे पडलेला नाही, तो का पडला आहे ते पुढे येईलच.

प्रोटॉनची ओळख विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनपासून करून द्यावी लागते, कारण प्रोटॉनचा गाभा वाइनच आहे. वाइनचे काम १९९३ साली बॉब अ‍ॅमस्टाट यांनी सुरू केले आणि १९९४पासून त्याची धुरा अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आहे. ‘वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर’ या वाक्याच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले, आणि त्या वाक्यातच या तंत्राचे मर्म आहे. एम्युलेटर दुसऱ्या यंत्राची पूर्ण नक्कल करतो; जुन्या गेमिंग कन्सोलच्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना आपल्या प्रोसेसरच्या सूचनेत बदलून चालवतो, आणि त्यात वेग खर्ची पडतो. वाइनला तसे करावे लागत नाही. विंडोज असो वा लिनक्स, खालचा इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर एकच असल्यामुळे गेममधले गणित थेट त्याच्यावर चालते. गेमला कार्यप्रणालीकडे काही मागायचे असेल, उदाहरणार्थ अमुक फाइल उघड, पडद्यावर खिडकी काढ, आवाज वाजव, तेवढ्यापुरते वाइन मध्ये येते आणि ती मागणी लिनक्सला समजेल अशा रीतीने पोहोचवते. दोन परभाषी व्यापाऱ्यांमध्ये बसलेला दुभाष्या माल स्वतः तोलत नाही, फक्त बोलणे इकडचे तिकडे करतो, तसेच हे आहे.

हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात वाइनची १.० ही आवृत्ती यायला जून २००८ उजाडला, म्हणजे पंधरा वर्षे लागली. मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड हाताशी नसताना, विंडोज बाहेरून कसे वागते एवढेच पाहून त्याच वागणुकीचा कोड नव्याने लिहायचा असे हे काम आहे. त्यात विंडोजचे दोषही जसेच्या तसे उतरवावे लागतात, कारण एखादा गेम नेमका त्या दोषावर विसंबून लिहिलेला असतो. ज्या शेकडो लोकांनी, त्यांतल्या अनेकांनी विनामोबदला, हे किचकट काम तीन दशके चालू ठेवले, त्यांच्याविषयी मला अतिशय आदर वाटतो, आणि हे परीक्षण लिहिण्यामागे तो आदर हे एक कारण आहे.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन जाहीर केले. वाइनच्या विकासात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कोडवीव्हर्स या कंपनीबरोबर ते तयार झाले होते आणि पहिल्या दिवशी त्याच्या तपासलेल्या यादीत फक्त २७ गेम होते. मी त्या काळात एकदा ते वापरून पाहिले होते आणि काही दिवसांत पुन्हा विंडोजकडे वळलो होतो. मधल्या काळात काय घडले याची कल्पना असूनही, या वेळी मनाची तयारी झगडण्याचीच होती.

पहिला गेम निवडला तो ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने बनवलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला हा गेम आपल्या मातीतला आहे. राजस्थानी किल्ल्यांच्या धर्तीवरचे बुरूज, भिंतींवरची चित्रे आणि बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारे प्रसंग यांमुळे तो मला प्रिय आहे. स्टीममध्ये त्याच्या नावावर टिचकी मारली, तो डाउनलोड झाला, हिरवे ‘प्ले’ बटण दाबले. पहिल्या खेपेला डायरेक्टएक्स वगैरे आवश्यक गोष्टी बसवणारी छोटी चौकट दिसली, आणि मग गेम सुरू झाला. आज्ञा टाइप करण्याचे टर्मिनल उघडले नाही, कुठली फाइल बदलली नाही, कुणाला काही विचारले नाही. सुट्टीत आलेला भाचा शेजारी बसून राजीचे त्रिशूळाचे डाव शिकत होता. तासाभराने त्याने विचारले, “मामा, पण तुम्ही तर विंडोज काढून टाकलंय ना?” त्याला उत्तर देताना मला झालेला आनंद मी लपवला नाही.

हा सहजपणा कुठून आला ते समजून घेण्यासारखे आहे. विंडोजचे गेम चित्र काढण्यासाठी डायरेक्ट-थ्रीडी ही भाषा वापरतात आणि ती लिनक्सवर नाही. वाइन पूर्वी तिचे भाषांतर ओपन-जीएल या जुन्या भाषेत करत असे. ते चालायचे, पण नव्या गेमच्या बाबतीत धापा टाकत. फिलिप रेबोले यांना ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि त्या निमित्ताने त्यांनी डायरेक्ट-थ्रीडीचे भाषांतर व्हल्कन या नव्या भाषेत करणारा डीएक्सव्हीके हा कार्यक्रम लिहायला घेतला. व्हल्कन ग्राफिक्स कार्डाच्या बरीच जवळची भाषा असल्यामुळे भाषांतरात फारसे काही सांडत नाही. फेब्रुवारी २०१८पासून व्हॉल्व्हने त्यांना या कामासाठी मानधन देणे सुरू केले, आणि सहाच महिन्यांत प्रोटॉन बाहेर आले. डायरेक्ट-थ्रीडी १२साठी याच धर्तीवर व्हीकेडी-थ्रीडी-प्रोटॉन हा वेगळा दुभाष्या आहे. एका माणसाला एक गेम खेळावासा वाटला आणि त्यातून लाखो लोकांची सोय झाली, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

‘द विचर ३’ हा माझा सर्वांत जास्त खेळलेला गेम. त्याची जुनी, डायरेक्ट-थ्रीडी ११वर चालणारी आवृत्ती मी याच संगणकावर विंडोजमध्ये शेकडो तास खेळलो आहे, त्यामुळे तुलना करायला तो उत्तम. पडद्याच्या कोपऱ्यात दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या दाखवणारे मँगोहूड लावून मी त्याच जागी, त्याच सेटिंगवर घोडा फिरवला. फरक दोन-चार फ्रेमांचा होता आणि आकडा झाकला तर मला तो ओळखता आला नसता. नोव्हिग्राडच्या बाजारात, जिथे माणसांची गर्दी असते, तिथे प्रोसेसरची दमछाक होते. पण ती विंडोजवरही होत असे.

नव्या, अवजड गेमच्या बाबतीत वेगळा प्रश्न उद्भवतो. एखादा प्रसंग पहिल्यांदाच पडद्यावर येतो तेव्हा त्यासाठी लागणारे शेडर, म्हणजे प्रकाश आणि पृष्ठभाग रंगवणारे छोटे कार्यक्रम, त्या क्षणी तयार करावे लागतात आणि चित्र क्षणभर अडखळते. हा दोष लिनक्सचा नाही, विंडोजवरही अनेक गेम असेच अडखळतात. स्टीम यावर उपाय म्हणून इतरांच्या संगणकांवर गोळा झालेली शेडरची माहिती आधीच उतरवून घेते आणि गेम सुरू होण्यापूर्वी ‘व्हल्कन शेडरवर प्रक्रिया सुरू आहे’ अशा अर्थाची पट्टी दाखवते. माझ्या चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर ही पट्टी मोठ्या गेमसाठी कधीकधी दहा-बारा मिनिटे सरकत राहते. ती मध्येच टाळता येते, पण मी टाळत नाही. चहा करून येतो, कारण ती पूर्ण झाली की पुढचे तीन तास निर्वेध जातात. फेब्रुवारी २०२२मध्ये ‘एल्डन रिंग’ प्रसिद्ध झाला तेव्हा विंडोजवरच्या खेळाडूंनी अडखळण्याच्या पुष्कळ तक्रारी केल्या होत्या, आणि व्हॉल्व्हच्या चमूने स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या, लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रासाठी प्रोटॉनमध्येच त्यावर उपाय केले. मूळ गेमला हात न लावता दुभाष्यानेच बोलणे सावरून घेतल्याचे हे उदाहरण आहे.

आता एक गोष्ट तपशिलाने सांगतो, कारण लिनक्सकडे नव्याने येणारे बहुतेक लोक इथेच ठेच खातात. माझे सर्व गेम विंडोजच्या काळातील एका मोठ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एका भागावर, होते आणि ते पार्टिशन विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचे होते. पुन्हा शेकडो जीबी उतरवायला नकोत म्हणून मी स्टीमला तेच पार्टिशन दाखवले. स्टीमने सगळे गेम ओळखले. हिरवे बटण दाबले की ते निळे होऊन ‘स्टॉप’ असे दाखवायचे, आणि चार सेकंदांनी पुन्हा मुकाट्याने हिरवे व्हायचे. कुठलीही सूचना नाही, चूक सांगणारी चौकट नाही. दोन संध्याकाळी मी ड्रायव्हर आणि प्रोटॉनच्या आवृत्त्या उलटसुलट करून पाहिल्या.

कारण निघाले ते अगदी साधे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरात त्या गेमच्या क्रमांकाचा एक स्वतंत्र कप्पा तयार करते. विचरचा कप्पा २९२०३० या क्रमांकाचा आहे. त्याच्या आत विंडोजचे एक छोटे घरच मांडलेले असते: सी ड्राइव्ह, त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘विंडोज’, ‘यूझर्स’, यूझर्समध्ये ‘स्टीमयूझर’ नावाचा रहिवासी, त्याचे ‘डॉक्युमेंट्स’ आणि तिथे विचरचे जतन केलेले डाव. विंडोज आपली सेटिंग ज्यात ठेवते ती रजिस्ट्रीसुद्धा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवलेली, कुठल्याही मजकूर संपादकात उघडून वाचता येईल अशी. या घराला ‘सी ड्राइव्ह’ कुठे आहे ते कळावे म्हणून प्रोटॉन ‘सी’ या अक्षरापुढे अपूर्णविराम (:) असलेल्या नावाचा एक दुवा तयार करते. लिनक्सच्या स्वतःच्या फाइल-पद्धतीत असे नाव बिनदिक्कत चालते. विंडोजच्या नियमांत मात्र फाइलच्या नावात अपूर्णविराम वर्ज्य आहे, आणि एनटीएफएस पार्टिशनवर तिथेच घोडे अडते. दोन टिंबांपायी सगळा संग्रह बंद पडला होता. ज्यांना पार्टिशन लगेच बदलता येत नाही, त्यांनी निदान कम्पॅटडेटाचा फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर हलवून त्याचा दुवा जुन्या जागी ठेवावा. मात्र कायमचा मार्ग म्हणजे गेमसाठी लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीचे पार्टिशन करणे हाच. लिनक्सवर बसवताना स्टीमने ही गोष्ट पडद्यावर स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. सध्या ती आपणहून शोधून काढावी लागते, आणि माझ्या मते एवढ्या परिपक्व साधनाला ही उणीव शोभत नाही.

प्रत्येक गेमला वेगळे घर असण्याचा फायदाही फार मोठा आहे. एखाद्या गेमची काही बिघडाबिघड झाली तर फक्त त्याचा कप्पा काढून टाकायचा आणि पुन्हा बटण दाबायचे; नवे घर मिनिटभरात उभे राहते आणि शेजारच्या गेमला धक्का लागत नाही. डाव मात्र आधी दुसरीकडे नकलून ठेवावेत.

‘एज ऑफ एम्पायर्स २’चा उल्लेख केल्याशिवाय आमच्या पिढीच्या माणसाचे परीक्षण पुरे होत नाही. शाळा सुटल्यावर तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत चार जणांनी मिळून खेळलेला हा गेम २०१९मध्ये नव्या रूपात आला आणि आजही आम्ही तिघे मित्र, एक सांगलीत, एक पुण्यात आणि एक डोंबिवलीत, शनिवारी रात्री खेळतो. एकट्याने खेळताना तो प्रोटॉनवर पहिल्यापासून चांगला चालतो, पण अनेकांबरोबर खेळताना लिनक्सवाल्यांना कित्येक वर्षे एक विलक्षण अडचण येत असे, आणि तिचे कारण मला फार शिकवून गेले.

या गेममध्ये शेकडो सैनिक एकाच वेळी चालत असतात. प्रत्येकाची जागा दर क्षणी इंटरनेटवरून पाठवणे परवडणारे नसते. म्हणून गेम फक्त खेळाडूंच्या आज्ञा पाठवतो आणि प्रत्येक संगणक आपल्यापुरते सगळे युद्ध स्वतंत्रपणे गणित करून चालवतो. हे जमायचे तर सर्व संगणकांवरचे उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच यायला हवे. विंडोजमध्ये त्रिकोणमितीसारखी गणिते करून देणारी एक सामायिक फाइल असते आणि वाइनने तिची जागा घेणारी स्वतःची फाइल लिहिलेली आहे. दोघींची उत्तरे बरोबरच, पण दशांशचिन्हानंतरच्या कुठल्यातरी दूरच्या स्थळी अंक पूर्णांकित करण्यात सूक्ष्म फरक. तो फरक साचत साचत जाऊन एका संगणकावर भालाईत झाडाच्या डावीकडून गेला आणि दुसऱ्यावर उजवीकडून, की दोन युद्धे वेगळी झाली आणि गेम ‘जुळणी तुटली’ असे सांगून थांबायचा. लोकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टची मूळ गणिताची फाइल त्या गेमच्या कप्प्यात नेऊन ठेवणे. मीही तेच केले आणि आमचा शनिवार निर्विघ्न चालू आहे. भाषांतर किती चोख असावे लागते याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

कथाप्रधान गेमच्या बाबतीत आणखी एक अडचण सांगायला हवी. काही गेममध्ये मधले प्रसंग आधी चित्रित केलेल्या व्हिडिओच्या रूपात असतात आणि त्या व्हिडिओंची तंत्रे पेटंटच्या बंधनात अडकलेली असतात. अशा वेळी प्रोटॉन प्रसंगाऐवजी, पूर्वी दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू होण्याआधी दिसत तसे रंगीत उभे पट्टे दाखवते. गेम पुढे चालू राहतो, पण नायिकेचे काय झाले ते कळत नाही. स्टीम अनेक गेमसाठी हे व्हिडिओ चालतील अशा रूपात बदलून आपल्याकडून पुरवते, म्हणून ही अडचण आता विरळा झाली आहे. माझ्या संग्रहातील एका जपानी गेममध्ये ती अजून होती. तिथे जीई-प्रोटॉन कामी आले. ही प्रोटॉनची एका स्वतंत्र विकासकाने सांभाळलेली शाखा असून तिच्यात व्हिडिओसाठीचे जास्तीचे घटक आणि गेमनिहाय दुरुस्त्या असतात. प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या कार्यक्रमातून ती उतरवायची, स्टीम बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर तिची निवड करायची. सगळे मिळून पाच मिनिटे लागली आणि पट्ट्यांच्या जागी प्रसंग दिसला. सरसकट सर्व गेमना मात्र जीई-प्रोटॉन लावू नये. व्हॉल्व्हची स्थिर आवृत्ती आधी वापरून पाहावी आणि अडले तरच इकडे वळावे.

कोणता गेम कितपत चालतो हे पाहण्यासाठी प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ आहे. तिथे खेळाडू आपापला अनुभव नोंदवतात आणि त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि अगदीच न चालणारा अशी प्रतवारी ठरते. मी विकत घेण्याआधी प्रत वाचतो, पण प्रतीपेक्षा खालच्या नोंदी जास्त लक्षपूर्वक वाचतो, विशेषतः आपल्यासारखेच कार्ड असलेल्यांच्या.

आता सुरुवातीच्या त्या दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे ऑनलाइन नेमबाजीच्या गेमकडे, येतो.

ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फसवणूक रोखण्यासाठी अँटी-चीट नावाचे पहारेकरी असतात. त्यांतले सर्वांत कडक पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर म्हणून बसतात. ‘व्हॅलोरंट’चा व्हॅनगार्ड हा असाच, आणि २०२४पासून ‘लीग ऑफ लेजंड्स’लाही तोच लागतो. प्रोटॉन विंडोजच्या वरवरच्या बोलण्याचे भाषांतर करते; त्याच्या खाली विंडोजचे कर्नल नसतेच, तेव्हा असा ड्रायव्हर बसायला जागाच नाही. हे गेम लिनक्सवर चालत नाहीत आणि नजीकच्या काळात चालतील अशी आशाही कुणी धरू नये.

पण बाकीच्या पुष्कळ गेमची स्थिती अशी नाही, आणि मला खरी तळमळ वाटते ती त्यांच्याबद्दल. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही मोठ्या पहारेकऱ्यांनी सप्टेंबर २०२१मध्येच प्रोटॉनला पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर राहिले होते ते फक्त प्रत्येक गेमच्या कंपनीने ‘आमच्या गेमला लिनक्सवर परवानगी आहे’ असे ठरवणे. काहींनी ते ठरवले. ‘एल्डन रिंग’मध्ये ईझी अँटी-चीट असूनही तो लिनक्सवर ऑनलाइन चालतो. काहींनी दिलेली परवानगी परत घेतली. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर उत्तम चालत होता, तो ऑक्टोबर २०२४मध्ये बंद करण्यात आला, आणि लिनक्सवरून होणारी फसवणूक ओळखणे अवघड जाते असे कारण देण्यात आले. त्याच्या आदल्याच महिन्यात ‘जीटीए ऑनलाइन’ला बॅटलआय जोडले गेले आणि लिनक्सचे खेळाडू बाहेर पडले, त्या गेमची एकट्याने खेळायची कथा मात्र आजही चालते.

फसवणुकीचा प्रश्न खरा आहे, हे मी नाकारत नाही. लिनक्सवर कर्नल माणसाला स्वतः बदलता येते आणि पहारेकऱ्याला त्याची चिंता वाटणे समजण्यासारखे आहे. तरीही काल चालणारा, पैसे देऊन घेतलेला गेम आज एका निर्णयाने बंद होतो, तेव्हा खेळाडूवर अन्याय होतो असेच मी म्हणेन. माझ्याबाबतीतही हे एकदा घडले. दोन वर्षे खेळलेल्या एका गेमने अपडेटनंतर दारातच अडवले, आणि त्या कंपनीला लिहिलेल्या पत्राला ‘ही प्रणाली समर्थित नाही’ एवढेच उत्तर आले. इथे प्रोटॉनच्या हातात काही नाही. तांत्रिक पूल बांधून तयार आहे, पलीकडचे फाटक उघडायचे की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. लिनक्सचे खेळाडू वाढले तर ही मर्जी बदलेल असे मला वाटते. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५मध्ये प्रथमच ३ टक्क्यांच्या पुढे गेला. आकडा लहान आहे, पण काही वर्षांपूर्वी तो १ टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता.

स्टीमबाहेरच्या गेमविषयी थोडक्यात. एपिक आणि जीओजी या दुकानांतून घेतलेले गेम हिरोइक या कार्यक्रमातून वाइन किंवा प्रोटॉनवर चालवता येतात, आणि ते स्टीमइतके नाही तरी पुरेसे सोपे आहे. माझ्या कपाटात मात्र संगणक मासिकांबरोबर मिळालेल्या आणि बाजारात घेतलेल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या सीडी होत्या. त्या काळच्या अनेक गेमचे इन्स्टॉलर १६ बिटचे असत आणि ६४ बिटचे विंडोज असे कार्यक्रम उघडतच नाही. वाइन ते उघडते. एका दुपारी, आठ-नऊ वर्षे विंडोजवर न बसलेल्या एका गेमची निळ्या पार्श्वभूमीची इन्स्टॉलेशनची खिडकी लिनक्सच्या पडद्यावर उमटली आणि सीडी ड्राइव्ह पूर्वीसारखा घरघरू लागला. विंडोजचे जुने गेम आजच्या विंडोजपेक्षा लिनक्सवर अधिक सुखाने नांदतात, हे मी ऐकून होतो. त्या दुपारी पाहिले.

जुन्या संगणकावर हा प्रयोग करू पाहणाऱ्यांना एक इशारा द्यायला हवा. डीएक्सव्हीकेच्या २.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. माझे आरएक्स ५७० त्यात बसते, कारण एएमडीच्या कार्डांसाठीचे लिनक्सचे मुक्त ड्रायव्हर फार चांगले आहेत आणि ते मिंटबरोबर आपोआप येतात. पण एनव्हिडियाची ६०० आणि बहुतांश ७०० मालिकेतील कार्डे किंवा इंटेलच्या चौथ्या पिढीतील अंगभूत ग्राफिक्स यांना ते जमत नाही. तिथे प्रोटॉनच्या जुन्या आवृत्तीवर किंवा ओपन-जीएलच्या संथ मार्गावर समाधान मानावे लागेल. एनव्हिडियाचे नवे कार्ड असेल तर मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून कंपनीचा ड्रायव्हर बसवल्याशिवाय स्टीम उघडूच नये. आणि स्टीम स्वतः आपल्या लिनक्सच्या, म्हणजे मिंट किंवा उबंटूच्या, नेहमीच्या पॅकेजमधून घ्यावे; उबंटूवरील स्नॅप स्वरूपातल्या स्टीमबद्दल तक्रारी अनेक आहेत आणि खुद्द व्हॉल्व्हच्या विकासकांनी ते टाळण्याचा सल्ला दिलेला आहे.

प्रोटॉनला किंमत नाही. त्याचा आणि वाइनचा कोड कुणालाही वाचता येतो आणि बदलता येतो. ज्यांना या कामाला हातभार लावायचा असेल त्यांनी कोडवीव्हर्सचे क्रॉसओव्हर हे वाइनवरच आधारलेले सशुल्क उत्पादन पाहावे. त्याच्या विक्रीतून वाइनच्या विकासकांचे पगार निघतात आणि सुधारणा पुन्हा वाइनमध्ये जमा होतात. मी एक वर्षाचे सभासदत्व घेतले आहे, गरज म्हणून नव्हे, तर इतकी वर्षे जे फुकट घेतले त्याचा काही भाग परत जावा म्हणून.

मागच्या आठवड्यात त्या एनटीएफएस पार्टिशनवरची छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर नकलून घेतली, पार्टिशन पुसले आणि एक्स्ट-४ करून स्टीमला दाखवले. हे लिहीत असताना विचर पुन्हा त्याच्यावर उतरतो आहे, साठ टक्के झाला आहे; भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत तो सुरुवातीपासून खेळायचे ठरवले आहे आणि माझे जुने डाव त्याच्या हाताला लागू नयेत म्हणून मी २९२०३० क्रमांकाच्या कप्प्यातून ते आधीच बाजूला काढून ठेवले आहेत.